पेट्रोलच्या नळीवरचे लोहचुंबक

‘पेट्रोलच्या नळीवर हे लोहचुंबक बसवा, पेट्रोल पूर्ण जळेल आणि २० टक्के बचत होईल!’ विद्यार्थी मित्रांनो, असा दावा ऐकला की प्रथम कागद-पेन्सिल घ्या.

चांगल्या स्थितीतल्या इंजिनात ९५ ते ९८ टक्के पेट्रोल जळतेच. उरलेले सगळे जाळले, तरी बचत फार तर ५ टक्के. मग २० टक्के आले कोठून? खरा तोटा वेगळाच आहे. जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी सुमारे दोन-तृतीयांश सायलेन्सरमधून व तापलेल्या इंजिनातून बाहेर जाते. नळीवरचे चुंबक ती अडवू शकत नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधनबचतीचा दावा करणारी १०० हून अधिक साधने पारखली. लक्षणीय बचत करणारे एकही आढळले नाही.

तरी काहींना फरक का जाणवतो? पैसे खर्च केल्यावर माणूस गाडी जपून चालवतो, चाकांतली हवाही तपासतो. बचत होते ती त्यामुळे! म्हणून प्रयोग करताना रस्ता, वेग, वजन आणि हवेचा दाब तोच ठेवावा. चुंबक बसवले आहे की नाही, हे चालकाला सांगू नये आणि प्रयोग अनेकदा करावा. मगच खिशात हात घालावा.