पाणी कुठलोक आलं होतं?

प्रोजेक्टच्या पहिल्या तासाला वर्गात दोनच प्रश्न असतात : ग्रुपमध्ये कोण आणि विषय कुठला? नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रात फील्ड प्रोजेक्ट आता बीए-बीकॉमलाही आला आहे. तरी पुष्कळदा पहिला तास पानं किती, बाइंडिंग कसं, सबमिशन कधी यातच सरतो. मग विषयांची यादी फिरते, जो तो सोपा विषय धरतो आणि घोडं तिथेच पेंड खातं.

त्यापेक्षा मुलांना बाहेर काढावं. नागपुरात फार लांब जावं लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीलगतच्या वस्त्यांत पाणी घुसलं. ‘नागपूरचा पूर’ हा काही विषय नव्हे, ते नुसतं शीर्षक. विषय सापडतो तो दारात उभं राहून विचारल्यावर : “काकू, पाणी कुठलोक आलं होतं?”

काकू कमरेशी हात नेतात. मुलं टेप लावतात, आकडा वहीत उतरवतात. चार घरं पलीकडचे काका म्हणतात, आमची पायरीसुद्धा भिजली नाही. एकाच गल्लीत एवढा फरक? जोतं उंच होतं, की नाली तुंबली होती, की उताराचा खेळ? सिव्हिलचा विद्यार्थी उतार मोजायला लागतो. कॉमर्सची मुलगी विचारते, वाहून गेलेल्या मालाचं दुकानदाराने काय केलं, विमा होता का? उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसतं. ते त्याने पहिल्याच दिवशी मोकळेपणी सांगावं. मुलांचा धीर त्यानेच वाढतो.

असं कामातून शिकणं विदर्भाला नवं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची, म्हणजेच ‘नई तालीम’ची कल्पना मांडली. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. पुढे सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत कापूस, टकळी आणि शेत यांच्याभोवती गणित-भूगोल उभे राहिले. सूत किती निघालं हे मोजताना हिशेब आपसूक येई.

दोन श्रेयांकांचा फील्ड प्रोजेक्ट म्हणजे साधारण ६० तास. पहिल्या दिवशी परतताना प्रत्येक ग्रुपच्या वहीत एकच पान भरलेलं असलं तरी चालेल : तारीख, गल्ली, कोणाच्या दारात पाणी किती इंच आणि खाली मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला एक प्रश्न.