बॅटरी बदलण्याआधी मोजून घ्या

हट्ट्याहून वसमतला नाहीतर औंढ्याला कामासाठी जाणाऱ्या कितीतरी ताया आता स्वतःची गाडी चालवतात. बँक सखी असो की पशुसखी, सगळा दिवस गाडीवर. अशात सकाळी बटन दाबलं की नुसतं कट-कट वाजतं, हॉर्न घोगरा येतो आणि शेजारचा लगेच सांगतो, "बॅटरी गेली, नवी टाका." हजार-दीड हजार रुपये जातात. कधीकधी महिनाभरात ती नवी बॅटरीही उतरते, कारण दुखणं भलतीकडंच होतं.

म्हणून आधी बॅटरीची टोकं बघा. तिथं पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल किंवा नट ढिला असेल, तर चांगली बॅटरीही काम देत नाही. टोकांच्या तारा सोडवून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं ती पुसा, कोरडी करा, नट आवळा, वरून थोडं व्हॅसलिन लावा. खर्च काहीच नाही.

तरीही गाडी चालू झाली नाही तर मिस्त्रीला मीटर लावायला सांगा. रात्रभर बंद असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती उतरलेली आहे. पण उतरलेली म्हणजे मेलेली नव्हे. ती चार्ज करून घ्या आणि इंजिन चालू ठेवून, थोडा एक्सलेटर देऊन पुन्हा मोजा. आता आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो वाढतच नसेल तर गाडी बॅटरीला चार्ज करत नाही. दोष रेग्युलेटरमध्ये, वायरमध्ये किंवा कॉइलमध्ये आहे. १५ च्या वर गेला तर बॅटरी जास्त चार्ज होऊन आतून वाळते. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी बटन दाबताच साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल, तेव्हा मात्र नवी घ्यायची वेळ आली.

पूर्वी बॅटरी गेली तरी किक मारून, ढकलून गाडी निघायची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यातल्या बहुतेकींना कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल पंपानं इंजिनात सोडलं जातं आणि त्या पंपाला वीज लागते. बॅटरी अगदी रिकामी असेल तर ढकलूनही अशी गाडी हटून बसते. त्यात २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाही पेटलेला राहतो. वरून पोरांनी रंगीत लाईट अन् म्युझिक हॉर्न जोडले, तर बॅटरीनं तरी किती ओढायचं?

नवी घेताना जुनीवरचा आकडा वाचा. १२ व्होल्ट तर असतंच. त्याच्या पुढे 'एएच' म्हणून लिहिलेलं असतं, ते साठवण्याची ताकद सांगतं. लहान गाड्यांना साधारण अडीच ते पाच एएचची लागते. जो आकडा कंपनीनं दिलाय तोच घ्या. मोठी घेतली की जास्त टिकेल, हा समज खोटा. ती खाचेत बसतही नाही. लाल टोक जुनीच्याच बाजूला आहे ना, हेही बघा. बनवल्याची तारीख विचारा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. कार्डावर '२४ + २४' असं लिहिलं असेल तर साधारणपणे पहिले २४ महिने बॅटरी बदलून मिळते आणि पुढचे २४ महिने नुसती किमतीत सूट. सीलबंद बॅटरीत पाणी घालायचं नसतं. झाकणाच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी अजिबात नाही.

बदलताना चावी बंद. आधी काळी तार सोडवायची, मग लाल. बसवताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा काळ्या तारेला जोडलेला असतो. काळी तशीच ठेवून लाल सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. म्हणून पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा. काचेच्या बांगड्यांचं काही नाही! अंगावर ॲसिड उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. बॅटरी चार्ज होत असताना जवळ काडी किंवा बिडी नको. त्यातून निघणारा वायू पेट घेतो.

जुनी बॅटरी घरात ठेवू नका आणि फोडायला तर कुणालाच देऊ नका. आत शिसं असतं, आणि शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्या आणि तिचे पैसे बिलातून वजा करून घ्या.

ग्रामसंघानं मिळून एक मीटर घेऊन ठेवायला हरकत नाही. साधं मीटर दोन-चारशे रुपयांत येतं. चकती डीसीच्या २० वर फिरवायची, लाल सुई लाल टोकाला, काळी सुई काळ्याला लावायची, आणि आकडा वाचायचा.