स्त्रीबीज, कातडीची पेशी आणि थोडं कॅफिन

माणसाचा भ्रूण क्लोन करून त्यातून मूलपेशी मिळवल्याचा दावा दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात केला. देशाने त्यांना डोक्यावर घेतलं. या संशोधनावर टपाल तिकीटही निघालं. पुढे सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या चौकशीत बनवाबनवी उघड झाली आणि जानेवारी २००६ मध्ये दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. दोन हजारांवर स्त्रीबीजं खर्ची पडली होती. काही तर त्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक महिलांनी दिलेली. क्लोन पेशींचा मात्र एकही वंश हाती नव्हता.

खरं यश आलं मे २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगॉन इथे, शुखरत मितालिपोव यांच्या गटाला.

केंद्रक-रोपण नावाची ही कृती सांगायला सोपी आहे. स्त्रीबीजातली गुणसूत्रं काढायची आणि त्या जागी रुग्णाच्या कातडीची पेशी आणायची. वाढणारा भ्रूण गर्भाशयात सोडायचा नाही. पाच-सहा दिवसांनी त्याच्या आतल्या पेशी काढून वाढवायच्या. त्या शरीरातल्या कुठल्याही पेशीचं रूप घेऊ शकतात आणि त्यांची जनुकं रुग्णाशी जुळतात. डॉली मेंढी १९९६ मध्ये याच तंत्राने जन्मली होती. माणसाचे भ्रूण मात्र आठ पेशींच्या आसपास अडून बसत.

घोडं पेंड खात होतं ते स्त्रीबीजाच्या स्वभावात. परिपक्व बीज विभाजन अर्ध्यावर थांबवून शुक्राणूची वाट बघत असतं. सुई टोचून गुणसूत्रं ओढली की हा थांबा मोडतो आणि पाहुणं केंद्रक स्थिरावण्याआधीच बीज पुढच्या कामाला लागतं. मितालिपोव यांनी तेवढ्या वेळापुरतं द्रावणात कॅफिन घातलं. होय, कॉफीतलंच! त्याने बीज थांबलेलं राहिलं. निष्क्रिय केलेल्या सेंदाई विषाणूच्या मदतीने दोन पेशी जोडल्या, मग विजेचा हलका झटका देऊन बीज जागं केलं. एका दात्रीच्या अवघ्या आठ बीजांमधून चार पेशीवंश मिळाले. यात अफाट असं काही नव्हतं. माकडांवर वर्षानुवर्षं घासून घेतलेली हातोटी होती.

दात्रींना ३,००० ते ७,००० डॉलर मिळाले. त्यासाठी त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शनं घेतली आणि भूल घेऊन बीजं काढू दिली. अंडाशय धोकादायकरीत्या सुजण्याची जोखीम यात असते. क्लोनिंगवरच्या वादात भ्रूणाच्या हक्कांवर तासन्‌तास बोललं गेलं, या बायकांवर फारच थोडं. मला तो प्राधान्यक्रम कधी पटला नाही.

शिवाय यश आलं तोवर गाडी पुढे गेली होती. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशींत चार जनुकं घालून थेट मूलपेशींसारख्या पेशी घडवल्या. २०१२ चं नोबेल त्यांना आणि बेडकांवर केंद्रक-रोपण करणाऱ्या जॉन गर्डन यांना मिळून मिळालं. केंद्रक-रोपणाची एक बाजू अजूनही उजवी आहे: नव्या पेशीतल्या मायटोकाँड्रिया प्रामुख्याने बीज देणाऱ्या स्त्रीच्या असतात, त्यामुळे मायटोकाँड्रियांच्या आनुवंशिक आजारात निरोगी पेशी मिळू शकतात. पण रोजच्या कामासाठी बहुतेक प्रयोगशाळांनी यामानाकांचीच वाट धरली. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधल्या कोबे इथे सत्तरीतल्या एका महिलेच्या डोळ्यात तिच्याच कातडीपासून घडवलेल्या पेशींचा पातळ थर बसवला गेला. त्यासाठी एकही स्त्रीबीज लागलं नाही.