‘बट्टा’ कीं ‘भत्ता’?

कंपनी सरकारच्या अमदानींतील इंग्रजी पत्रें चाळतांना ‘बॅटा’ हा शब्द वारंवार आढळतो. तो दिसण्यांत एक, पण वस्तुतः दोन आहेत, आणि दोहोंचीं मुळें निराळीं आहेत. एक म्हणजे सैनिकास मोहिमेवर पगाराशिवाय मिळणारी जादा रक्कम; दुसरा म्हणजे नाणें बदलतांना कापावयाची तूट. रोमन लिपींत ‘ट’ व ‘त’, ‘ब’ व ‘भ’ यांचा भेद न उरल्यामुळें आपला बट्टा व आपला भत्ता एकाच अंगरख्यांत शिरले. यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत ते वेगळे काढले आहेत.

पैकीं पहिल्याच्या मुळासाठीं सोलापूरकरांस दूर जावयास नको. कानडींत ‘भत्त’ म्हणजे साळ, न कांडलेलें भात; अक्कलकोटकडील कानडी घरांत हा शब्द नित्याचा आहे. तो पोर्तुगिजांनीं उचलला, शिध्यावरून शिध्याच्या पैशास लागला, व त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेला, असा त्या कोशकारांचा तर्क आहे. आम्हांस तो ग्राह्य वाटतो. क्लाइव्हनें दुहेरी भत्ता बंद करतांच १७६६ सालीं बंगाल्यांतील गोऱ्या अंमलदारांनीं एकजुटीनें राजीनामे पुढें केले. १८२८ सालीं बेंटिंकनें कांहीं ठाण्यांवरील भत्ता अर्धा केला, तेव्हांही मोठा गवगवा झाला. आज महागाईभत्ता घेणाऱ्या कारकुनास हा इतिहास ठाऊक नसतो!

दुसरा बट्टा सराफकट्ट्यावरचा. पेशवाईच्या अखेरीस अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळीं चालत. अंकुशी देऊन चांदवडी घ्यावयाचा तर फरक मोजावा लागे. १८३५ सालीं कंपनीनें आपल्या मुलखांत एकच रुपया ठरविल्यावर या बट्ट्याचें महत्त्व उतरत गेलें. अब्रूला मात्र तो अद्याप लागतो. खलबत्त्यांतील ‘बत्ता’ तिसराच; त्यास या भानगडींत ओढण्याचें कारण नाहीं.

हा भेद संग्राहकांनीं जपला पाहिजे, कारण चुकीच्या वाचनानें हिशेबच उलटतो. शंभर रुपयांवर दोन रुपये ‘बॅटा’ असें लिहिलें असतां भत्ता समजल्यास १०२ होतात, बट्टा समजल्यास ९८. जवळ नाण्याचें नांव किंवा शेंकडा दर असेल तर बहुधा बट्टा. पलटण, हुद्दा किंवा महिना असेल तर भत्ता. तथापि मनरोनें मे १८१८ मध्यें सोलापूरचा भुईकोट घेतला तशा मोहिमांच्या कागदांत ही खूण पुरी पडेलच असें नाहीं. परक्या मुलखांतील नाण्यांत फौजेचा पगार वांटावयाचा तर दोन्ही शब्द एकाच पत्रांत येणें शक्य आहे. अशा वेळीं इंग्रजी पत्रासोबत मोडी ताळेबंद असल्यास तो आधीं वाचावा. मोडींत ‘ट्ट’ व ‘त्त’ यांचीं वळणें निराळीं असतात.