परदेशी गिऱ्हाइकास भावाचा अंदाज कसा द्यावा

सौंसरच्या मंडीत उभे राहून मक्याचा भाव सांगणे आणि समुद्रापलीकडील गिऱ्हाइकास भावाचा अंदाज लिहून देणे, ह्या दोन गोष्टींत फार अंतर आहे. मंडीत माल डोळ्यांसमोर असतो, काटा शेजारी असतो, आणि काही शंका निघाली तर ती सायंकाळपर्यंत मिटते. परदेशचे गिऱ्हाईक माल पाहत नाही. ते केवळ आपला कागद पाहते. त्या कागदात जे लिहावयाचे राहिले, त्याचा भुर्दंड बहुधा लिहिणारासच पडतो.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु रामाकोन्याच्या पेढीवर हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. परदेशी मका पाठविण्याच्या आमच्या पहिल्याच सौद्यात आम्ही ‘एफ.ओ.बी. मुंबई’ एवढेच लिहून मोकळे झालो. कंटेनर वेळेवर गोदीत पोहोचला, पण ठरलेले जहाज त्यास न घेताच गेले. पुढील जहाज येईपर्यंत अकरा दिवसांचे भाडे चढले, आणि बंद पेटीत मका तापला तो वेगळाच. गिऱ्हाइकाने शांतपणे कळविले की, एफ.ओ.बी. म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाराची. त्याचे म्हणणे बरोबर होते. सौद्याचा सारा नफा त्यात गेला. दोष गिऱ्हाइकाचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

ही आद्याक्षरे पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या नियमावलीतील आहेत. ती प्रथम १९३६ साली निघाली. तिची २०२० ची आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू झाली. एफ.ओ.बी. व सी.आय.एफ. ह्या अटी थेट जहाजात भरावयाच्या मालासाठी योग्य होत. कंटेनरच्या मालास एफ.सी.ए. ही अट बरी. कारण ठरलेल्या ठिकाणी माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की आपली जोखीम तेथे संपते. जहाजभाडे व विमा आपण भरणार असू, तर कंटेनरसाठी सी.आय.पी. लिहावे. अटीपुढे ठिकाणाचे नाव व ‘२०२०’ हा आकडा घालण्यास विसरू नये.

आता हिशेबाची मांडणी पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. एक टन मका खरेदी रु. २२,०००, मंडी शुल्क, आडत व हमाली रु. ७००, वाळवण, चाळण व बारदान रु. १,१००; नाव्हाशेवापर्यंत वाहतूक रु. २,६००, धुरी, तपासणी व दाखले रु. ४००, जकातीच्या कागदपत्रांचा खर्च रु. ५००, घट व बँकखर्च रु. ३००, नफा रु. ४००. एकूण रु. २८,०००. डॉलरचा भाव ८० रुपये धरल्यास हा एफ.सी.ए. भाव ३५० डॉलर झाला. त्यात जहाजभाडे ४० व विमा २ डॉलर मिळविले की सी.आय.पी. भाव ३९२ डॉलर. विमा मात्र सौद्याच्या रकमेपेक्षा किमान १० टक्के अधिक रकमेचा उतरवावा लागतो. निर्यातीवर वस्तू व सेवा कर शून्य दराने असल्याने योग्य हमीपत्र दिल्यावर तो भावात मिळवू नये.

जहाजभाडे व विमा निराळे दाखविण्याचे कारण आहे. कित्येक देश आयात कर भाडे-विम्यासह किमतीवर घेतात. अमेरिका तो भाडे-विम्याविना घेते. सर्व रक्कम एकत्र लिहिली तर गिऱ्हाइकास आपला कर काढता येत नाही. आणि तेथील कर आपल्या माथी घेणारी डी.डी.पी. ही अट तर नवख्याने स्वीकारूच नये. आपल्या भागातील संत्रे-व्यापाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात कर वाढवीत नेला, तेव्हा मालाचा उठाव घटला. कर गिऱ्हाइकाने भरावयाचा असूनही एवढा फटका बसला. तो विकणाराने लिहून घेतला असता तर पेढीच बुडाली असती.

अंदाजावर मुदतीची तारीख, चलन, ओलाव्याची मर्यादा आणि सरकारी हुकूम बदलल्यास काय, हे स्पष्ट असावे. १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीस बंदी आली, तेव्हा खाजगी व्यापारात मुख्यतः त्या तारखेपर्यंत ज्यांची अपरिवर्तनीय पतपत्रे निघाली होती, त्यांनाच वाट मिळाली. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची पाळी आली. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. बिनमुदतीचा भाव लिहून बसणाराने अशा वेळी काय करावे? धान्यात घट-वाढ होतेच. म्हणून पतपत्रात वजनापुढे ‘सुमारे’ हा शब्द घालून घ्यावा. बँकांच्या नियमांप्रमाणे त्याने दहा टक्के कमी-अधिकाची मोकळीक मिळते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखादे गिऱ्हाईक गोडीने म्हणते, “शेटजी, बीजक कमी रकमेचे करा, उरलेले निराळे पोहोचवितो.” आम्हासही असे एकाने विचारले होते. सौदा मोठा होता, आणि घरात चिरंजीवांचे मत ‘सारेच करतात’ असे पडले. आम्ही नकार दिला, सौदा गेला. अंदाज, बीजक व जकातीचा कागद ह्या तिन्हींत एकच आकडा असला पाहिजे. तसे नसणे हा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने व १९९९ च्या परकीय चलन कायद्याने अपराध ठरू शकतो. आणि आपल्या घरी तर कायद्याच्या कितीतरी आधीपासून अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटे मापतोल व राज्याच्या नियमाचे उल्लंघन ही दोन्ही सांगितलेली आहेत. लहानपणी पाठ केलेले ते शब्द आम्हास खरे समजले, ते त्या दिवशी.

पुढील वर्षी चिरंजीवांनी स्वतः एक अंदाज तयार केला: प्रत्येक खर्च निराळा, अट पूर्ण, मुदत पंधरा दिवसांची. भाव इतरांपेक्षा थोडा चढाच होता. तरीही तो मंजूर झाला. कारण, गिऱ्हाइकाने लिहिले, कागद वाचून त्यास काही विचारावे लागले नाही. आपल्या तरुण सभासदांनी पहिला अंदाज धाडण्यापूर्वी तो घरातील एखाद्या अनभिज्ञ माणसास वाचावयास द्यावा. त्याने प्रश्न विचारला, तर तेथे एक ओळ कमी आहे असे समजावे.