अंजन गवत : एकीकडे वैरण, दुसरीकडे तण

(बुओना व्हिस्टा, सिंगापूर येथे ध्वनिमुद्रित केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण बेने इस्राएल लोक कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात होतो. त्या नावातला शनिवार आपण अभिमानाने सांगतो. तेलाचा घाणा ओढणारा बैल मात्र आपल्या बोलण्यातून निसटला आहे. त्या बैलाला रोज वैरण लागत असे. शेमाच्या दुसऱ्या भागात गुरांच्या गवताचा उल्लेख माणसाच्या तृप्तीच्या आधी येतो. त्यावरूनच, आधी जनावराला घालावे आणि मग आपण जेवायला बसावे, असा दंडक आपल्या रब्बींनी घालून दिला. तेव्हा सिनेगॉगच्या पत्रिकेसाठी गवतावर बोलणे मला अप्रस्तुत वाटत नाही.

आजचे गवत म्हणजे अंजन. शास्त्रज्ञ त्याला सेंक्रस सिलिॲरिस म्हणतात, इंग्रजीत ते बफेल ग्रास. आफ्रिका, इस्राएलसह पश्चिम आशियाचा उष्ण प्रदेश आणि भारताचा कोरडा पट्टा हे त्याचे मूळ घर. १९७२ च्या दुष्काळात मी नर्सिंगची पदविका घेऊन नुकतीच नगर जिल्ह्यात नोकरीस लागले होते. रुग्णालयापासून जवळच गुरांची छावणी होती. कडबा मिळेनासा झाला की माणसांचे चेहरे कसे होतात, हे मी तेथे पाहिले. पाऊस पडताच जुन्या बुंध्यातून पुन्हा फुटणाऱ्या गवताची किंमत अशा मुलखातच कळते.

अंजन हे बहुवर्षायू गवत. त्याचे दाट ठोंब होतात आणि मुळे जमिनीत दोन मीटरपर्यंतही उतरतात. साधारण ३०० ते ७५० मिलिमीटर पावसाची, हलकी व निचऱ्याची जमीन त्याला मानवते; पाणी साचलेले त्याला सोसत नाही. म्हणून कोकणात किंवा येथे सिंगापुरात त्याचा जम बसणे कठीण. फुलोऱ्याच्या सुमारास कापले तर ते पौष्टिक असते. पिकून वाळले की काडी कडक होते व प्रथिने घटतात. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय गवताळ कुरण व चारा संशोधन संस्थेने ‘बुंदेल अंजन’ नावाचे सुधारित वाणही काढले आहेत.

परिचारिका म्हणून मला त्याचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. या गवतात ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. गाईच्या पोटातील सूक्ष्म जीव त्याचा बराच भाग पचवतात. घोड्याची पचनसंस्था निराळी. महिनोन्महिने केवळ अशाच कुरणात चरणाऱ्या घोड्याचे शरीर कॅल्शियमसाठी स्वतःची हाडे झिजवते, जबड्याची हाडे सुजतात आणि तोंड बेढब होते. चारा तोच, खाणारा बदलला की परिणाम बदलतो.

भूमीच्या बाबतीतही तेच घडले आहे. एकोणिसाव्या शतकात उंटांच्या खोगिरांमध्ये भरलेल्या गवतातून अंजनाचे बी ऑस्ट्रेलियात पोचले, असे मानले जाते. पुढे चाऱ्यासाठी आणि उडणारी धूळ थांबवण्यासाठी ते मुद्दाम पेरले गेले. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटातही विसाव्या शतकात ते असेच चाऱ्यासाठी व जमिनीची धूप रोखण्यासाठी आणले गेले. त्याचे बी हलके, केसाळ. वारा, पाणी, जनावरांची लव आणि वाहनांची चाके ते दूरवर नेतात. बहुतेक बी दुसऱ्या रोपाच्या परागांवर न अवलंबता धरते, त्यामुळे चुकार एक रोपही नवी वसाहत उभारायला पुरते.

त्या वाळवंटात एका झुडुपापासून दुसऱ्यापर्यंत मोकळी जमीन असते. ठिणगी पडली तरी आग तेथेच विझते. अंजनाने ती मोकळी जागा भरून काढली आणि वाळलेल्या गवताची सलग वात तयार झाली. आग लागली की दीडशे वर्षे जगू शकणारे सग्वारो निवडुंग जळून मरतात. अंजन मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते आणि आधीपेक्षा अधिक जागा घेते. ॲरिझोनाने २००५ साली त्याला उपद्रवी तण ठरवले. आज तेथे स्वयंसेवक पहारी घेऊन एकेक ठोंब उपटत असतात.

आपल्याकडे असे का होत नाही? येथे त्याला खाणारी शेळी-मेंढी आहे, मारवेल-पवन्यासारखी तोलामोलाची गवते आहेत. उलट अतिचराईने अंजनच नाहीसे होते आणि मेंढ्यांच्या कातडीत रुतणारी कुसळी माजते. परक्या वनस्पतीचा त्रास आपल्याला ठाऊक नाही, असेही नाही. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेले गाजर गवत मूळ अमेरिका खंडातले. त्याने अंगावर उठलेले चट्टे आणि लागलेली धाप मी वॉर्डात पुष्कळ पाहिली आहे.

बुओना व्हिस्टाजवळून जाणारा रेल कॉरिडॉर आपल्या परिचयाचा आहे. ३० जून २०११ रोजी तेथील आगगाडी बंद झाली. त्या वाटेच्या कडेला माजणारे उंच गिनी गवत मूळ आफ्रिकेचे. महाराष्ट्रातला दूध-उत्पादक तेच गवत पाणी देऊन वाढवतो. येथे दावणीला गाय नाही; मुनिया त्याचे दाणे टिपतात, आणि बाकीचे यंत्राने कापावे लागते.

हा विषय मी घेतला त्याला कारण आहे. माझ्याकडे एकाच महिन्यात अंजनाच्या बियांविषयी दोन विचारणा आल्या. पारनेर तालुक्यातील जुन्या सहकारी परिचारिकेच्या मुलाला शेळ्यांसाठी पडीक माळावर ते पेरायचे आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या भाच्याला घोड्यांच्या कुरणासाठी गावाकडचे बी हवे आहे.

पारनेरच्या मुलाला मी लिहिले : अवश्य पेर. हेक्टरी चार ते सहा किलो बी पुरते. ताजे बी नीट उगवत नाही, म्हणून काही महिने ठेवलेले घे. वाऱ्याने उडू नये म्हणून मातीशेणाच्या गोळ्या कर आणि पावसाच्या तोंडावर वरच्यावर पेर. सोबत स्टायलो लाव. पहिल्या वर्षी शेळ्या आत सोडू नकोस, कापून घाल. मात्र जुने, नाना गवतांचे कुरण नांगरून तेथे एकटे अंजन लावू नकोस.

भाच्याला मी स्पष्ट नकार कळवला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१५ साली हे गवत तण म्हणून घोषित केले असून तेथे त्याची विक्री व वाहतूक निषिद्ध आहे. कायदा नसता तरी घोड्यांच्या हाडांसाठी मी नकारच दिला असता.

आपली कुटुंबे आज मुंबई-ठाण्यापासून इस्राएल आणि ऑस्ट्रेलियापर्यंत विखुरली आहेत. प्रेमापोटी आपण एकमेकांना गावाकडची रोपे, बिया, तुळशीची मंजिरीसुद्धा सामानातून नेतो. यापुढे बॅग भरण्यापूर्वी त्या देशाचा नियम पाहावा, विमानतळावर जे जवळ आहे ते मोकळेपणाने सांगावे, आणि शेतातून आलेल्या बुटांचे तळवे व पायजम्याचे काठ झाडून घ्यावेत. अंजनाचे बी केसाळ असते. ते विचारून बसत नाही.

शालोम.