मुलींच्या शिक्षणाचा हक्क : बडोद्याचा धडा

मुलींनी शाळेत जावे, असा आग्रह धरणाऱ्या पाकिस्तानातील मलाला युसुफझाई या शाळकरी मुलीवर ९ ऑक्टोबर २०१२ रोजी गोळी झाडण्यात आली. ती त्यातून वाचली आणि २०१४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोबेल शांतता पुरस्काराची मानकरी ठरली. या घटनेने साऱ्या जगाचे लक्ष वेधले; परंतु मराठी समाजाला हा लढा नवा नाही.

सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, तेव्हा त्यांचेही वय सतराच होते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. मुलगी शिकली म्हणजे ती केवळ वाचू लागते असे नव्हे, तर आपल्या समाजाची व्यथा स्वतः मांडू लागते, हे त्या निबंधाने सिद्ध केले.

मात्र हक्काची मागणी झाली, एवढ्याने तो घरोघरी पोहोचत नाही. त्यासाठी शासनाने जबाबदारी स्वीकारावी लागते. या दृष्टीने बडोदे संस्थानाचे कार्य उल्लेखनीय होय. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ मध्ये तो कायद्याने संस्थानभर लागू केला. आज वडोदरा शहरात सामावलेले गोरवा हे त्या वेळी राजधानीलगतचे खेडे होते. अशा खेड्यांतील मुलींनाही या कायद्याने शाळेचे दार उघडले. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांस दंडाची तरतूद होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक १९१२ मध्ये नामंजूर झाले.

तथापि, बडोद्याच्या कायद्यातही एक उणीव होती. प्रारंभी मुलांसाठी सक्तीचे वय सात ते बारा, तर मुलींसाठी सात ते दहा असे ठरविण्यात आले. मुलगी दहा वर्षांची झाली की तिने घरकाम पाहावे, धाकट्या भावंडांना सांभाळावे व लवकरच सासरी जावे, ही त्या काळची रीत होती. म्हणूनच संस्थानाने १९०४ मध्ये केलेला बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि शिक्षणाचा कायदा यांचा एकत्र विचार केला पाहिजे. लग्न लांबले, तरच मुलीचे शिक्षण पुढे जाते. १९२७ च्या जानेवारीत पुणे येथे स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नासाठी अखिल भारतीय महिला परिषद प्रथम भरली. तिच्या अध्यक्षा बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या, हेही लक्षणीय आहे.

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. येथे मुलगा-मुलगी हा भेद उरलेला नाही. परंतु चौदाव्या वर्षी कायद्याची सक्ती संपते आणि नेमक्या त्याच वयात दूरची शाळा, प्रवासाची भीती, स्वच्छतागृहाचा अभाव व लग्नाची घाई ही कारणे पुढे येतात.

म्हणून पटावर नाव नोंदविले की काम संपले, असे कोणी मानू नये. एखादी मुलगी सलग काही दिवस गैरहजर राहिली, तर शिक्षकाने तिच्या घरी जाऊन विचारपूस करावी. ग्रामपंचायतीने शाळेतील पाणी, स्वच्छतागृह व सुरक्षित वाट यांकडे लक्ष द्यावे. अधिकाऱ्यांनी हजेरीपटावरील आकड्यांबरोबरच शाळा सोडण्यामागील कारणेही तपासावीत. पालकांनी मुलाच्या व मुलीच्या शिक्षणास एकच माप लावावे. सतरा वर्षांच्या सावित्रीबाईंनी जे काम आरंभिले, ते गावातील शेवटची मुलगी शाळेत टिकेल, तेव्हाच पूर्णत्वास जाईल.